धोंड्याचा जावई आणि डोंग्यावरचा अँटेना

सांगतो, पण एक अट आहे. पूर्ण ऐकायचं. मधेच "काका, तुमचं डोकं ठिकाणावर होतं का?" असं विचारायचं नाही. तो प्रश्न माझ्या बायकोनं विचारून झालाय, पोरीनं विचारून झालाय, आणि धरणावर मासे धरणाऱ्या सुदामनं तर भर पाण्यात, हातात वल्हं घेऊन विचारलाय. जावई तेवढे राहिले. ते मुळात सभ्य, तोंडानं काही बोलले नाहीत. त्यांनी जे केलं ते हातानं केलं. ते सांगतोच पुढं.

मी बत्तीस वर्षं वीज खात्यात लाईनमन होतो. रिटायर झालो तरी गावात मला वायरमन भाऊच म्हणतात. लग्नातली लाईट गेली, बोलवा वायरमन भाऊले. कुणाचा मिक्सर गुरगुरला, बोलवा वायरमन भाऊले. तारेतून काहीही जात असो, ते आपल्याला कळतं असा माझा समज. समज कसला, खात्रीच!

आणि माझा एक दोष आहे म्हणे. कांता, म्हणजे आमची मंडळी, म्हणते की मी समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नाही. आता मला सांगा, वाक्य कुठं चाललंय ते मला आधीच कळत असेल, तर समोरच्याला उगाच शेवटपर्यंत कशाला चालवायचं? मी त्याचे कष्ट वाचवतो. पण चांगुलपणाची किंमत कुणाला आहे!

आमचं गाव शेलूबाजारपासून आत, खोलगट जागी. एका बाजूला टेकडी, एका बाजूला धरण. टेकडी अशी नेमकी आडवी पडलेली की मोबाईलचा टॉवर आम्हाला दिसत नाही आणि आम्ही टॉवरला दिसत नाही. बोलायचं झालं तर पाण्याच्या टाकीखाली जायचं, तोंड मारुतीच्या देवळाकडं करायचं आणि हलायचं नाही. इंटरनेट तर विचारूच नका.

आमची पूनम पुण्याला दिली. जावई निखिलराव कॉम्प्युटरवाले. लग्नाला दोन वर्षं झाली, पण माणूस सासरी एक रात्र राहिला नाही. दर वेळी तेच. आज मीटिंग आहे, उद्या मीटिंग आहे, बाबा, तुमच्याकडं नेट नाही. अशात धोंड्याचा महिना आला. श्रावण दुप्पट होता. लग्नानंतरचा पहिला धोंडा! लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे खाऊ घालायचे, जावयाला काय हवं ते विचारायचं. हा महिना तीन वर्षांनी एकदा येतो. चुकला की चुकला.

कांतानं महिना लागायच्या आधीच अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं. रोज डब्याचं झाकण उघडून बघायची आणि मला म्हणायची, "अवो, येतीन ना जवाई?"

"येतीन."

"राह्यतीन ना?"

नेट नाही म्हटल्यावर माणूस सकाळी येऊन दुपारच्या गाडीनं परत जायचा.

एक दिवस पूनमचा फोन आला. मी टाकीखाली, तोंड मारुतीकडं.

"बाबा, आमी धोंड्याले येऊन राह्यलो. चांगले तीन दिवस!"

"वा वा!"

"पन मले एक पक्कं सांगा. आपल्या गावात नेटवर्क अजून नाईच ना? निखिलनं खास इचारलं हाये. कारन त्याच्या ऑफिसात…"

बस! मला पुढचं सगळं कळलं. खास विचारलंय म्हणे! म्हणजे नेट नसेल तर येणं रद्द. म्हणजे पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून माझ्या गावाची चेष्टा.

"नाई? कोन म्हनते नाई?" मी ओरडलो. "जवाईबापूले सांग, फुल नेटवर्क भेटीन! पुन्यातबी नसीन असं!"

"बाबा, आयका तं खरं…"

पण रागाच्या भरात मी टेकडीकडं वळलो होतो. मारुतीकडं पाठ झाली आणि फोन तुटला.

आता बोलून तर बसलो. नेटवर्क आणायचं कुठून?

दुसऱ्या दिवशी मी धरणाच्या काठी विचार करत बसलो होतो. सुदाम जाळं काढून डोंगा काठाला लावत होता. डोंगा म्हणजे त्याची पत्र्याची होडी. मी त्याला गावाची व्यथा सांगितली. तो म्हणाला, "कायचं नेटवर्क नाई? धरनाच्या मधात गेलं का माहा फोन टिंगटिंग वाजते. साऱ्या दिवसाचे गुड मॉर्निंग तठीच येते."

मी ताडकन उठलो. धरणाच्या मधोमध गेलं की टेकडीच्या खिंडीतून शेलूबाजारचा टॉवर सरळ नजरेत येतो! बत्तीस वर्षं तारा ओढलेला माणूस मी, हे माझ्या आधी एका मासेवाल्याला कळावं? पण असो. ज्ञान कुठूनही घ्यावं.

त्याच दिवशी जीपनं शेलूबाजारला गेलो. मोबाईलच्या दुकानदाराला म्हटलं, डोंग्यावर इंटरनेट चालवायचंय. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं कुणी सांभाळायला आलंय का ते पाहिलं. पण पोरगा हुशार. सिमकार्ड टाकायचा राऊटर दिला, त्याला बाहेरून लावायचे दोन अँटेने दाखवले. एक साधा दांडा आणि एक पोळपाटाएवढी चपटी पाटी.

"काका, थो दांडा न्या," तो म्हणाला. "चारी बाजूनं रेंज घेते. पाटीवाला एकाच बाजूनं घेते, अन् पान्यावर डोंगा तं…"

"मोठा दे," मी म्हटलं.

"अवो काका, डोंगा फिरते ना…"

"मले शिकवू नको. मोठा दे!"

जावयाच्या इज्जतीला दांडा? पहिल्या धोंड्याला? मी पाटी घेतली.

राऊटरला वीज म्हणून आमच्या फवारणीच्या पंपातली बॅटरी काढली. डोंग्यात एक वासा उभा केला, वर पाटी बांधली, तोंड खिंडीकडं केलं. मधोमध गेलो आणि काय सांगू, राऊटरचे सगळे दिवे हिरवे! मी टाळी वाजवली. टाळी वाजेपर्यंत डोंगा फिरला आणि दिवे लाल झाले.

"आलं!" मी ओरडायचो. "गेलं! आलं रे, आलं! गेलं!"

"वायरमन भाऊ," सुदाम घामाघूम होऊन म्हणाला, "डोंगा काय बैल हाये का, खुट्याले बांधला का उभा राह्यते? तुमचं डोकस्कं ठिकान्यावर हाये ना?"

हाच तो पाण्यातला प्रश्न. पण मी हार मानणारा नाही. दोन मोठे दगड दोराला बांधले, एक पुढून पाण्यात सोडला, एक मागून. डोंगा बऱ्यापैकी थांबला. मग प्लास्टिकची खुर्ची आणून सुतळीनं बांधली. वर बाजारातल्या दुकानाची मोठी छत्री लावली. जावयाला पोहता येतं की नाही कुणास ठाऊक, म्हणून ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून ठेवली. नारायण बुडाला तर पुण्याला काय तोंड दाखवणार?

घरात मात्र मी एक अक्षर बोललो नाही. सुदामलाही शपथ घातली. ऐनवेळी दाखवायचं आणि सगळ्यांचे डोळे दिपवायचे असा माझा बेत होता.

लेक-जावई आले. निखिलराव जीपमधून उतरले, खिशातून फोन काढला, त्याच्याकडं पाहिलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"वा, बाबा! फोन एकदम मेलेला! किती शांत वाटतंय हो इथं!"

बघा! कसा मऊ आवाजात टोमणा! पुण्याचं पाणी शेवटी. मी दात ओठ खाऊन हसलो.

जेवले आणि कडुनिंबाखाली खाटेवर पडले. दुपारी पडलेला माणूस दिवे लागेपर्यंत उठला नाही. मला भरून आलं. बिचारा निराशेनं झोपला! काम करायची एवढी ओढ आणि नेट नाही. उठल्यावर चहा घेताना म्हणाले, "बाबा, तुम्ही नेटवर्क आहे म्हणालात असं पूनम सांगत होती. मी जरा घाबरलोच होतो. खरं सांगू का, मी…"

"तुमी काईच बोलू नका जवाईबापू," मी त्यांचा हात दाबला. "मले समजते. उद्या सकाळी पाहा फक्त."

पूनम आतून म्हणाली, "बाबा, तुमी त्याले बोलू तं द्या."

"धोंड्याच्या जवायानं मांगाचं नसते, सासऱ्यानं समजून घ्याचं असते," मी म्हटलं. कांता कौतुकानं माझ्याकडं पाहत होती. ते शेवटचं कौतुक.

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण. कांता पहाटेपासून चुलीपुढं. पुरण, कढी, भजे, अनारसे. तिनं मला बजावलं, "बारा वाजता पाटावर बसाचं. एक मिनिट इकडेतिकडे चालनार नाई."

"बाराले आनतो," म्हटलं, आणि जावयाला धरण दाखवायला म्हणून घेऊन निघालो.

निखिलराव खूश. डोंग्यात बसले, ट्यूब गळ्यात घातली, हसले. पाण्यात हात घालून पाहिला. बगळ्यांचे फोटो काढले. सुदामला विचारलं, "दादा, मासे कसे धरतात हो? मला शिकवाल?" मी मनात म्हटलं, बघा माणूस दुःख कसं लपवतो.

मधोमध पोचलो. सुदामनं दोन्ही दगड सोडले. मी उभा राहिलो, वाशावर गुंडाळलेली ताडपत्री एका झटक्यात ओढली आणि म्हणालो, "जवाईबापू, हे पाहा!"

निखिलरावांनी पाटीकडं पाहिलं. मग खाली राऊटरकडं. चेहऱ्याचा रंग असा गेला की मला वाटलं, गहिवरले.

"बाबा, हे… हे काय आहे?"

"फुल नेटवर्क! खास तुमच्यासाठी!"

"बाबा, नको. बंद ठेवू या ना. प्लीज."

"लाजता काहून? आपल्याच घरचं हाये!"

त्यांच्या हातातला फोन मी घेतला. त्यांचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं, शेलूबाजारच्या टॉवरवर ते चालत नव्हतं, म्हणून तो इथंही मेलेलाच होता. बगळ्यांच्या फोटोंमुळं त्याचं लॉक उघडंच होतं. दुकानदारानं शिकवल्याप्रमाणं दोन-तीन ठिकाणी बोट लावलं, पासवर्ड टाकला. पासवर्ड जावयाचंच नाव. राऊटर हिरवा झाला.

आणि मग टिंग. टिंग. टिंगटिंगटिंगटिंग! थांबेचना! फोन माझ्या हातात थरथरत होता. सुदाम वल्हं सोडून बघत बसला. "बाप्पा!" तो म्हणाला. "इतके लोकं तं माह्या लग्नालेबी नोते आले."

निखिलराव डोकं दोन्ही हातांत धरून खुर्चीत बसले होते. म्हटलं, आनंदाश्रू असतील.

इकडं मेसेज पोचल्याच्या खुणा तिकडं पुण्यात दिसल्या असणार. कारण अर्ध्या मिनिटात फोन वाजला. व्हिडिओवाला.

"उचला ना!" मी म्हटलं.

"बाबा, नको. साहेब आहेत."

"मंग तं उचलाच!" आणि मीच बोट दाबलं.

पडद्यावर एक चष्मेवाले गृहस्थ आले. "निखिल? अरे, तू ऑनलाईन? तू तर म्हणाला होतास की…"

"नमस्कार साहेब!" मी फोन माझ्याकडं वळवला. "मी निखिलरावांचा सासरा. वीज खात्यातून रिटायर."

"नमस्कार काका. मला वाटलं, तुमच्या गावात अजिबात नेटवर्क नसतं. निखिलनं अर्जातच तसं लिहिलं होतं."

काय? अर्जात? लिहून? म्हणजे आमच्या गावाची बदनामी पुण्यात कागदोपत्री झाली? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण जावयाला साहेबासमोर बोलणं बरं नाही, म्हणून मी सगळा जोर खुलाशावर लावला.

"थे जुनं झालं साहेब! आता पाहा, आवाज कसा येते? तोंड कसं दिसते? अन् काई चिंता करू नका. जवाईबापू आज अन् उद्या अठीच हायेत. सकाळी करा, दुपारी करा, पायजे तवा फोन करा. मी सोता अँटेना धरून उभा राह्यतो!"

"बाबा…" मागून अगदी बारीक आवाज आला.

"वा काका, तुम्ही तर मोठं काम केलंत!" साहेब म्हणाले. "सगळे इथं अडून बसलेत. निखिल, दहाला सुरू करू. आणि काका, तुमचा नंबर देऊन ठेवा. कधी हा लागला नाही तर…"

मी नंबर दिला. दहाच्या दहा आकडे. वर पुन्हा एकदा म्हणून दाखवला, चुकायला नको.

मीटिंग सुरू झाली. निखिलराव गळ्यात ट्यूब घालून खुर्चीत, मांडीवर फोन, कानात ती पांढरी बोंडं, आणि तोंडात इंग्रजी. मी वाशाला मिठी मारून उभा. वारा सुटला की डोंगा दगडासकट सरकायचा, दिवे लाल व्हायचे, की मी वासा फिरवायचो आणि सुदाम वल्हं मारायचा. तीन वेळा नेट जायला लागलं. तिन्ही वेळा मी जाऊ दिलं नाही! दर वेळी जावई माझ्याकडं बघायचे. अशा नजरेनं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी मानेनंच म्हणायचो, आभार नको.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. बारा वाजले. काठावर पूनम दिसली. दोन्ही हात हलवत होती. वाऱ्यामुळं काही ऐकू येईना. मीही हात हलवला.

"वायरमन भाऊ, पोरगी बोलावून राह्यली," सुदाम म्हणाला.

"मीटिंग चालू हाये. चूप बैस."

साडेबाराला काठावर कांता आली. ती हात हलवत नव्हती. ती नुसती उभी होती. ते जास्त वाईट. मग माझ्या लक्षात आलं की सुदामची बायको दुसरा डोंगा सोडतेय आणि त्यात माझी कांता चढतेय. अहो, ही बाई नदीच्या पुलावरून जाताना डोळे मिटून घेते! ती त्या पत्र्याच्या डोंग्यात, मांडीवर झाकलेलं ताट, शेजारी पूनम, तिच्या हातात औक्षणाचं तबक आणि मधे अनारशांचा डबा.

डोंग्याला डोंगा लागला. कांतानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"जवाई घरी येत नाई तं धोंडा जवायाकडे येईन," ती म्हणाली. "पूनम, निरांजन लाव."

निरांजन काही वाऱ्यात टिकेना. शेवटी सुदामनं छत्री आडवी धरली. निखिलराव मीटिंगमध्ये बोलता बोलता थांबले, कानातली बोंडं काढून डबीत ठेवली. कांतानं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. काही अक्षता फोनवर पडल्या. पडद्यावर दहा-बारा चौकोनी खिडक्यांतून दहा-बारा माणसं गपगार बघत होती. ट्यूबमधला जावई, ओवाळणारी सासू आणि मागं वाशाला लटकलेला मी.

"निखिल," साहेबांचा आवाज आला, "हे काय चाललंय?"

"सर, माझा पहिला धोंडा आहे," जावई म्हणाले. मीटिंग सुरू झाल्यापासूनचं त्यांचं पहिलं मराठी वाक्य.

"अरे, मग सांगायचं ना! घ्या, घ्या. सगळे पाच मिनिटं ब्रेक घेऊ."

पाच मिनिटं! तीन वर्षांनी येणाऱ्या महिन्याला पाच मिनिटं! कांताचे डोळे भरून आले. पीठ तिनं महिनाभर सांभाळलं होतं हो. पण तिनं डोळे पुसले, जावयाच्या हातात अनारसा दिला आणि रीतीप्रमाणं विचारलं, "जवाईबापू, धोंड्याचं काय पायजे थे मांगा. नाई म्हननार नाई आमी."

निखिलरावांनी अनारसा खाल्ला. पाणी प्याले. मग शांतपणे माझ्या डोक्याकडं बोट केलं. डोक्याच्या जरा वर.

"आई, मला तो अँटेना द्या."

अहो, काय वाटलं म्हणून सांगू! सोन्याची अंगठी नाही, गाडी नाही, कपडे नाहीत. सासऱ्यानं मेहनतीनं उभारलेला अँटेना! भराभर सगळी बांधणी सोडली, पाटी काढली, बॅटरी, चालू राऊटर आणि वायरीसकट त्यांच्या हातांत ठेवली.

"न्या, जवाईबापू! पुन्यात लावा!"

निखिलराव उभे राहिले. पाटी कपाळाला लावली. मग धरणाच्या त्या मधोमध, जिथं पाणी सर्वांत खोल, तिथं दोन्ही हातांनी ती अलगद सोडून दिली.

बुडूक!

खुर्चीवर ठेवलेला फोन गप्प झाला. साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच, त्याच्यावर एक गोल फिरत राहिला. मग तोही विझला. इतकं शांत झालं की काठावरच्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येऊ लागल्या.

आणि मी काय केलं असेल? मी सदरा काढायला लागलो!

"घाबरू नका! निसटला तं निसटू द्या! मी बुडी मारतो, नाई भेटला तं सांजेपर्यंत दुसरा आनतो!"

"बाबा!" पूनम अशी ओरडली की सुदामच्या जाळ्यातले मासे उडाले असतील. "खाली बसा! आज एकदाचं माह्यं पुरं आयका. एक शब्द बोलाचा नाई!"

मी खाली बसलो.

"दोन वर्षं झाले, निखिलले एक दिवस सुट्टी भेटली नाई. सुट्टी घेतली तरी थे लोकं फोन करते. मंग त्यानं अर्जात लिवलं, सासरवाडीत नेटवर्क नाई, तीन दिवस मी लागनार नाई. म्हनून मी तुमाले इचारलं, नेटवर्क अजून नाईच ना? त्याले नेटवर्क पायजे नोतं, बाबा! त्याले झोप पायजे होती. आईच्या हातचं जेवाचं होतं. तुमी माह्यं वाक्य पुरं होऊ देलं असतं तं?"

मी जावयाकडं पाहिलं. ते ट्यूब काढून ठेवत होते. चेहऱ्यावर तोच जीपमधून उतरतानाचा आनंद.

"म्हनजे… थो टोमना नोता?" मी विचारलं.

"नाही हो बाबा. खरंच शांत वाटलं होतं."

आता कांतानं तबक खाली ठेवलं, माझ्याकडं वळून पाहिलं आणि विचारलं, "अवो, तुमचं डोकस्कं ठिकान्यावर होतं का?"

जावई घरी आले, पाटावर बसले, दोन वाजता का होईना पंगत झाली. तेहतीसांतले अकरा अनारसे त्यांनी एका बैठकीत खाल्ले आणि मग कडुनिंबाखाली झोपले. दुसऱ्या दिवशी दिवसभर सुदामबरोबर मासे धरले. ऑफिसात सांगितलं, वाऱ्यानं अँटेना पाण्यात पडला. जाताना कांताच्या पाया पडले, माझ्याही पडले. म्हणाले, "बाबा, दिवाळीला येतो. पण तुम्ही काही करू नका हं." कांतानं मला माफ केलं. सुदामनं नाही. त्याच्या डोंग्यातून वासा निघता निघत नव्हता.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण तुम्ही विसरलात, मी साहेबांना नंबर दिला होता. दहाच्या दहा आकडे.

दिवाळी आली. लेक-जावई आले. निखिलरावांचा फोन गावात शिरताच मेला, माणूस पुन्हा खाटेवर आडवा. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. या वेळी जावयाच्या सुट्टीला माझ्यामुळं धक्का लागणार नाही. भाऊबीजेच्या दिवशी सामान आणायला शेलूबाजारला गेलो, तर भर चौकात माझा फोन वाजला. नवीनच नंबर.

"काका, ओळखलंत का? निखिलच्या ऑफिसातून बोलतोय. तो लागत नाहीये, म्हणून म्हटलं…"

हीच ती वेळ! धोंड्याचं पाप फेडायची!

"साहेब!" मी बोंबललो. चौकातले जीपवाले वळून बघायला लागले. "नेटवर्कच नाई! काडीचं नाई! गावात नाई, धरनात नाई, टेकडीवर नाई! साऱ्या तालुक्यात नाई साहेब!"

"बरं, पण काका…"

"पनबिन काई नाई! दिवाळीपासून सगळं बंद पडलं! कोनाचाच फोन कोनाले लागून नाई राह्यला! आठ दिवस तं आशाच सोडा!"

"काका, एक मिनिट…"

"काई उपेग नाई साहेब! मी सोता लाईनमन, मी सांगतो! अठून एक शब्द बाहेर जाऊन नाई राह्यला!"

दम लागला म्हणून मी थांबलो. पलीकडून साहेबांनी अगदी सावकाश, शब्द न शब्द स्वच्छ ऐकू येईल असं विचारलं, "काका, मग आपण दोघं आत्ता कशावर बोलतोय?"

आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न दटावता, मी कुणाचं तरी वाक्य पूर्ण ऐकून घेतलं, आणि ते नेमकं हे निघालं.